गच्चीवरचा मोबाईल टॉवर आणि न विचारलेली संमती

प्रश्न : नाशिकमधील आमची सहकारी गृहनिर्माण संस्था चोवीस सदनिकांची, चार मजली आणि पंचवीस वर्षांहून जुनी आहे. मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहते. व्यवस्थापन समितीने मोबाईल टॉवरसाठी गच्ची भाड्याने दिली असून मागच्या रविवारी लोखंडी तुळया वर चढवण्यात आल्या. मला कोणी विचारले नाही. 'वार्षिक सभेत ठराव झाला आहे', असे सचिव सांगतात. पण सभेच्या सूचनेत हा विषय नव्हता, तो आयत्या वेळी घेतला. महापालिकेत गेले तर 'खासगी जागा आहे, आमची परवानगी लागत नाही', असे उत्तर मिळाले. लहरींमुळे आरोग्याला धोका आहे, या मुद्द्यावर टॉवर थांबवता येईल का?

उत्तर : आपण ज्या मुद्द्यावर सर्वाधिक भर दिला आहे, तोच न्यायालयात सर्वांत दुबळा ठरतो, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा वर्गात ठेवले, हे खरे; परंतु त्या वर्गाचा अर्थच पुरावा मर्यादित आहे असा होतो. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश इतकी कडक मर्यादा लागू केली आणि तिचे पालन होत असेल तर केवळ भीतीच्या आधारे उच्च न्यायालये टॉवर रोखत नाहीत, असाच आजवरचा सर्वसाधारण कल आहे. सांगली जिल्ह्यातील चिखलहोळ ग्रामपंचायतीने टॉवरविरोधात केलेला ठराव मुंबई उच्च न्यायालयाने याच कारणास्तव रद्द केला. ग्वाल्हेरमधील एका कर्करुग्णाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एक टॉवर बंद करायला लावला होता आणि तो आदेश व्हॉट्सॲपवर आजही फिरत असतो. पण तो त्या एका टॉवरपुरता होता, त्यातून सर्वांना लागू होणारा नियम निघत नाही.

महापालिकेचे उत्तर तुटक असले तरी पूर्णपणे चुकीचे नाही. दूरसंचार मार्गाधिकाराच्या (टॉवर व केबलसाठी जागा वापरण्याच्या हक्काच्या) २०१६ च्या केंद्रीय नियमांत २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून खासगी मालमत्तेवरील टॉवरसाठी पालिकेच्या परवानगीची आवश्यकता उरलेली नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ खाली केलेल्या आणि १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आलेल्या नियमांचा रोखही तोच आहे. मात्र काम सुरू करण्यापूर्वी कंपनीने लेखी सूचना द्यायची असते आणि इमारत हा भार पेलू शकते, असे संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र सोबत जोडायचे असते. माहितीच्या अधिकारात ही दोन कागदपत्रे महापालिकेकडे मागा. ती तिथे नसतील, तर 'खासगी जागा' म्हणून हात झटकणे अधिकाऱ्यांना जड जाईल. पंचवीस वर्षांच्या इमारतीत हा केवळ कागदी आक्षेप नव्हे. तुळया टेकवण्यासाठी कॉलमच्या डोक्यावरचा गिलावा फोडून काँक्रीटचे ठोकळे ओतले जातात, त्या जागी वॉटरप्रूफिंगचा थर तुटतो आणि पहिल्याच पावसाळ्यात आपल्या छताला ओल येते. तुळया जिथे टेकल्या आहेत त्या जागांची आणि आपल्या छताची तारखेसह छायाचित्रे आजच काढून ठेवा.

आपली खरी बाजू संमतीच्या प्रश्नात आहे. केंद्रीय नियमांनी पालिकेची परवानगी काढली, मालकाची नव्हे. आणि गच्चीबाबत निर्णय घ्यायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, सात-आठ जणांच्या समितीचा नव्हे. गृहनिर्माण संस्थांच्या कारभारासाठीच्या नमुना नियमांनुसार, म्हणजे आदर्श उपविधींनुसार, वार्षिक सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते, आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' या शीर्षकाखाली रीतसर सूचना आवश्यक असलेला विषय घेता येत नाही. संस्थेचे सभासद वर्षानुवर्षे या शीर्षकाकडे चहा-बिस्किटांची वेळ म्हणून पाहतात, आणि नेमके तिथेच असे ठराव संमत होतात. याशिवाय राज्याच्या नगरविकास विभागाने २०१४ मध्ये केलेल्या नियमावलीत टॉवरच्या थेट खालच्या मजल्यावरील रहिवाशांची स्वतंत्र संमती आवश्यक ठरवली होती. केंद्रीय नियमांपुढे ही अट टिकत नाही, असा युक्तिवाद कंपनी करील आणि त्यात थोडे तथ्य आहे. म्हणून हा मुद्दा अवश्य मांडा, परंतु सगळा डोलारा त्याच्यावर उभारू नका.

आता क्रम महत्त्वाचा आहे. संस्थेकडे सभेची सूचना, इतिवृत्त आणि कंपनीशी झालेला करार यांच्या प्रती लेखी अर्जाने मागा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. प्रती मिळाल्या नाहीत तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. मात्र काम थांबवण्यासाठी उपनिबंधकांच्या उत्तराची वाट पाहू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात ठरावाला आव्हान देऊन कलम ९५ नुसार अंतरिम मनाईचा अर्ज त्याच दिवशी द्या. तुळया चढल्या आहेत, यंत्रणा अजून बसलेली नाही, हा काळ आपल्या बाजूचा आहे. टॉवर एकदा सुरू झाला की परिसरातील ग्राहकांच्या गैरसोयीचे पारडे त्याच्याकडे झुकते. या रागात गच्चीला स्वतःचे कुलूप लावणे किंवा केबल तोडणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण मग फिर्यादी कंपनी होते आणि आरोपी आपण.

करार हाती आला की त्यातील मुदत, लॉक-इन (करार मोडता न येणारा काळ), छताच्या दुरुस्तीची जबाबदारी आणि करार संपल्यावर सांगाडा उतरवण्याचा खर्च ही चार कलमे आधी वाचा, आणि तो नोंदणीकृत आहे का ते पाहा. आपले आव्हान फेटाळले गेले, किंवा रीतसर सभा घेऊन बहुमताने तोच ठराव पुन्हा झाला, तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावर शुल्क भरून आपल्या घरातील लहरींची मोजणी मागता येते, आणि मर्यादा ओलांडलेली आढळली तर आरोग्याचा जो मुद्दा आज दुबळा आहे तो पुराव्यासह न्यायालयात नेता येतो.