वाचकांचे प्रश्न : गंगेतला डॉल्फिन खरंच आंधळा असतो का?

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही काशीला गेलो होतो, तिथून पुढे कैथीला गंगा-गोमतीच्या संगमावर नावाड्याने बोट दाखवून "सोंस, सोंस" केलं (सोंस म्हणजे गंगेतला डॉल्फिन), आम्हाला करडी पाठ दिसली आणि लगेच गेली. तो म्हणाला हा आंधळा असतो. मग मासे पकडतो कसा? – एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : जवळजवळ आंधळाच, पण त्याची कीव करायचं काहीच कारण नाही. डोळा आहे, टाचणीने टोचल्यासारखं बारीक भोक, आत भिंगच नाही, त्यामुळे उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. गंगेचं गढूळ पाणी बघितलंत ना, त्यात चांगले डोळे असते तरी काय दिसणार होतं? हा सारखा टिकटिक असे आवाज काढत राहतो (आपल्या कानांना ते ऐकू येत नाहीत) आणि त्यांचा प्रतिध्वनी परत आला की मासा कुठाय, तळ किती खोल आहे हे त्याला समजतं. आणि पोहतो कसा तर कुशीवर आडवा होऊन, एक पर तळाशी घासत, मान हलवत, लांब चोच गाळात खुपसत. बाकीच्या बऱ्याच डॉल्फिनना अशी मान वळवता येत नाही, याची मान लवचिक असते. चोच मिटलेली असली तरी पुढचे दात बाहेर दिसतात.

तुम्हाला पाठच दिसली कारण तो फक्त श्वासापुरता वर येतो. मासा नाहीये तो, फुप्फुसं आहेत, दर अर्ध्या ते दोन मिनिटांनी हवा घ्यावीच लागते. म्हणूनच मासेमारीच्या जाळ्यात अडकला की वर येता येत नाही आणि पाण्यात राहणारा हा प्राणी चक्क बुडून मरतो. मादीला दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू होतं, त्यामुळे एक मादी गेली की ती भरून यायला किती वर्षं लागतात बघा.

आणि संगमावरच दिसला याचंही नवल नको. दोन प्रवाह भेटतात तिथे, किंवा नदी वळण घेते तिथे पाणी खोल असतं, भोवरे होतात, मासे जमतात, हाही तिथेच थांबतो.

प्रश्न : गंगेचं वाहन मगर असं लहानपणापासून ऐकलंय. नात म्हणते डॉल्फिन. कोण बरोबर? – एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : आजी, वाहन आहे मकर, आणि मकर म्हणजे धड मगर नाही धड डॉल्फिन नाही. वेरूळला गेलात तर 21 नंबरच्या लेण्यात, रामेश्वरमध्ये, दर्शनी भागातच मकरावर उभी असलेली गंगा आहे, ती आवर्जून बघा, फार देखणी मूर्ती आहे. शिल्पातल्या मकराला मगरीसारखा जबडा आणि हत्तीसारखी सोंड असं सगळं एकत्र असतं. पण गंगाकाठचे बरेच लोक सोंसलाच गंगामाईचं वाहन मानतात, त्यामुळे नातही अगदीच चुकीची नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात मारायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत 'गंगापुपुटक' आहे आणि तो हाच असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीही कोणालातरी त्याची काळजी होती.

इतर देशांतही अशा गोष्टी आहेत. ॲमेझॉनकाठी सांगतात की तिथला गुलाबी डॉल्फिन जत्रेच्या रात्री देखणा तरुण बनून येतो आणि डोक्यावरचं श्वासाचं भोक दिसू नये म्हणून टोपी काढत नाही. चीनमध्ये यांगत्से नदीतल्या बाईजी या डॉल्फिनला नदीची देवी मानायचे. 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी ती जिथे असायची तो नदीचा सगळा पट्टा धुंडाळला, एकही सापडली नाही. देवी मानलं म्हणून प्राणी वाचतोच असं नाही, हे मला त्यातलं सगळ्यात जास्त लागतं.

प्रश्न : तारकर्लीला दिसतात तेच का हे? – कोथरूड

उत्तर : नाही. ते समुद्रातले, पाठीवर उंचवटा असलेले हम्पबॅक डॉल्फिन, त्यांना चांगलं दिसतं. नातं लांबचं.

प्रश्न : मुलगी विचारते, नदी स्वच्छ केली तर मुळा-मुठेत आणून सोडता येतील का? – औंध

उत्तर : प्रश्न फार गोड आहे पण उत्तर नाही असंच आहे. हा प्राणी गंगा, ब्रह्मपुत्रा आणि त्यांच्या उपनद्यांचा, त्याचा भाऊबंद सिंधूच्या खोऱ्यातला. आपलं पाणी भीमेतून कृष्णेला जातं, ते खोरंच वेगळं. शिवाय आपल्याकडे पावसाळा सोडला तर धरणातून सोडतील तेवढंच पाणी, आणि त्याला बारा महिने वाहतं, खोल पाणी लागतं. खरा घोळ तिकडेही हाच आहे, फक्त घाण नाही तर पाणी अडवणं. 1975 मध्ये पश्चिम बंगालमध्ये गंगेवरचं फराक्का बॅरेज (पाणी अडवणारा दारांचा बंधारा) सुरू झालं आणि वरचे डॉल्फिन वर, खालचे खाली असे तुटले. उत्तर प्रदेशात शारदा नदीच्या कालव्यांत शिरतात, पाणी कमी झालं की अडकतात, मग त्यांना ओलं ठेवत उचलून परत नदीत सोडावं लागतं. मुलीला म्हणावं, आपल्या नदीत आपले मासे आणि पक्षी परत आले पाहिजेत, त्यासाठी खुशाल भांड.

प्रश्न : किती उरलेत आणि नीट बघायचे तर कुठे जावं? – हडपसर

उत्तर : 2021 ते 2023 च्या मोजणीचा आकडा 2025 मध्ये जाहीर झाला, भारतात 6,327. त्यातले उत्तर प्रदेशात 2,397, बिहारमध्ये 2,220, आणि सिंधू जातीचे पंजाबात बियास नदीत फक्त 3. राष्ट्रीय जलचर म्हणून 2009 मध्येच घोषणा झालीये. बघायला बिहारमधलं विक्रमशिला अभयारण्य, भागलपूरजवळ, सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा पट्टा, 1991 पासून राखीव आहे. पुण्याहून दानापूरची गाडी आहे, तिथून पुढे भागलपूरला ट्रेन मिळते. पावसाळा टाळा, पाणी उतरल्यावर जा. नावाड्याला आधीच सांगा की डॉल्फिन दिसला की इंजिन बंद, मागे लागायचं नाही, कारण त्याचं सगळं ऐकण्यावर चालतं आणि मोटरच्या आवाजाने त्याला त्रास होतो. फोटो बहुतेक मिळणार नाही, श्वासाचा फुस्स आवाज मात्र जवळून ऐकू येतो.