पहाटे तीनचा गजर

मावशी, गेल्या आठ महिन्यांत घरात तीन आजारपणं झाली. आधी नऊ वर्षांच्या लेकाला टायफॉइड, मग नवऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन, शेवटी मला न्यूमोनिया. आता सगळे ठणठणीत आहेत. मला डिस्चार्ज मिळून साडेतीन महिने झाले, पण अंगात त्राण नाही. दुपारी बसल्या बसल्या डोळे मिटतात, जिना चढताना पायात गोळे येतात. रात्री छातीत धडधडतं, वाटतं आता काहीतरी होणार. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, विश्रांती घ्या. अजून किती घेऊ? लेकाच्या पॅरासिटामॉलसाठी लावलेला पहाटे तीनचा गजर फोनवर तसाच आहे, बाकीचे काढले. (एका रात्री मला जाग आली नव्हती आणि त्याचा डोस चुकला होता.) उठते, सगळ्यांचा ताप बघते, परत झोपते, त्याचं विशेष काही नाही. नवरा समजूतदार आहे, कूस बदलून झोपतो, कधी तक्रार करत नाही. परवा लेकाचा ताप ९६.८ आला तर तासभर घाबरून बसले. मी वेडी होतेय का?

— एक आई

अगं, मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते.

तुझी मेल लांबलचक होती, इथे थोडक्यात दिली. थकव्यावर तू पानंच्या पानं लिहिलीस आणि गजराला दोन ओळी. मी त्या दोन ओळींपाशीच अडले. विशेष काही नाही? आठ महिने, म्हणजे दोनशेहून जास्त रात्री तू गाढ झोपेतून स्वतःला ओढून उठवते आहेस, अंधारात प्रत्येकाच्या काखेत थर्मामीटर लावते आहेस, आणि मला विचारतेस की दुपारी डोळे का मिटतात. तुझी मेलसुद्धा पहाटे ३.४० ला आली आहे. तू परत झोपत नाहीस, गं.

एवढ्या तपासण्या झाल्या, पण झोप कशी लागते हे कुणी विचारलं का? तूही सांगितलं नसणार. तुझ्या लेखी ती झोपमोड नाहीच, ती ड्यूटी आहे.

ती धडधड आधी बघू. गाढ झोपेतल्या माणसाला कर्कश आवाजाने उठवलं की शरीराला वाटतं, संकट आलं. अॅड्रेनलिन उसळतं, नाडी धावते, हात गार पडतात. कुणालाही होईल हे. तू मात्र त्या धडधडीला हृदयरोग समजतेस, घाबरून भराभर श्वास घेतेस आणि धडधड आणखी वाढते. ईसीजी नॉर्मल आला यात नवल नाही.

मग तो ९६.८. शरीराचं तापमान दिवसभर सारखं नसतं. संध्याकाळी ते सगळ्यात जास्त असतं, पहाटे सगळ्यात कमी, आणि दोन्हींत साधारण एका अंशाचा फरक पडतो. काखेत मोजलं तर तोंडातल्यापेक्षा आकडा आणखी थोडा कमीच येतो. तू नेमकी अशा वेळी मोजतेस जेव्हा आकडा खालीच असायचा. तुझा लेक त्या रात्री शांत झोपला होता. तासभर जागी होतीस तू एकटी.

थकवा खोटा आहे असं मी म्हणत नाही. न्यूमोनियातून उठलेल्या माणसाचा ताप आठवड्याभरात जातो, खोकला आणि धाप कमी व्हायला दीड महिना लागतो, आणि तीन महिन्यांनंतरही थकवा उरलेला असू शकतो. बहुतेक जण सहा महिन्यांत पूर्ववत होतात. म्हणजे तुझी गाडी रुळावरच आहे. पण हे भरून येणं बरंचसं झोपेत होतं, आणि नेमकी तीच तू रोज मधोमध तोडतेस. पहाटेच्या वाट्याला स्वप्नांची झोप जास्त येते, मनावरचा ताण हलका व्हायला तिचा हातभार लागतो. तुला ती मिळतेच कुठे?

आता तो कंस. कंसात टाकलंस म्हणून मला आधी तेच दिसलं.

दर सहा तासांनी पॅरासिटामॉल, म्हणून नऊ, तीन, नऊ, तीन. त्यातला हा एकच गजर तू ठेवलास, कारण याच वेळेला तू एकदा झोपून राहिली होतीस. सकाळी लेक तापाने फणफणलेला होता ना? ते तू लिहिलेलं नाहीस, पण मला दिसतंय. नीट ऐक. पॅरासिटामॉलने ताप तेवढा उतरतो. टायफॉइड बरा करतं ते अँटिबायोटिक, आणि ते योग्य असलं तरी ताप जायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो. तो एक डोस चुकल्याने त्याचं आजारपण तासभरानेही लांबलं नाही. रात्र त्याला जड गेली, एवढंच. तूही तेव्हा किती रात्रींची जागी होतीस! त्या एका झोपेची शिक्षा आठ महिने भोगते आहेस, आणि ती तुला दुसऱ्या कुणी दिलेली नाही.

तुझ्या नवऱ्याचं मला मुळीच कौतुक वाटत नाही. बायको दोनशे रात्री घरभर थर्मामीटर घेऊन फिरते आणि हा कूस बदलतो, याला समजूतदारपणा म्हणायचा? ऑपरेशन झालं, मान्य. पित्ताशय काढलेला माणूस काही आठवड्यांत कामाला लागतो, तोही लागला असेल. तक्रार न करणं सोपं असतं. उठून तुझ्या हातातलं थर्मामीटर काढून घेणं, तुला पलंगावर बसवणं आणि 'आज मी जागा आहे, तू झोप' म्हणणं, एवढं त्याला एकदाही सुचलं नाही, आणि तूही कधी मागितलं नाहीस.

तर आज माग. आज रात्री झोपायच्या आधी फोन त्याच्या हातात दे आणि तो गजर त्याला काढायला लाव. तू काढलास तर अर्ध्या तासाने परत लावशील. फोन आणि थर्मामीटर रात्री त्याच्या उशाशी राहतील. पुढचे तीन आठवडे घरातल्या रात्री त्याच्या. कुणी खोकलं, कुणी हाक मारली, तर तो उठेल. 'जमेल का रे' असं विचारू नकोस, सरळ सांग.

तीनला जाग येईलच, शरीराला सवय लागली आहे. पाणी पी, बाथरूमला जा, पण लेकाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. भीती चढेल. पहिल्या तीन-चार रात्री आजच्यापेक्षा जास्त चढेल, आणि तुला वाटेल मावशीने भलतंच सांगितलं. पडून राहा. तू काही न बघता, काही न मोजता ती आपोआप उतरते, हे तुझ्या शरीराला आठ महिन्यांत एकदाही अनुभवता आलेलं नाही. दर वेळी तू बघून आलीस आणि सुटका झाल्यासारखं वाटलं, म्हणून दुसऱ्या रात्री पुन्हा बघावंसं वाटलं.

वेडी होत नाहीयेस. पण तीन आठवड्यांनीही भीती हटली नाही, कशातच मन लागेना, जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर तीन आठवडेही थांबू नकोस. ताप पुन्हा आला, धाप वाढली किंवा छातीत दुखलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, आणि या वेळी झोपेचं आधी सांग.

तीन आठवड्यांनी मला पुन्हा लिही. दिवसा लिही.

— मावशी