हिरवा की तपकिरी?

प्रश्न: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) एक बारीक हिरवा आणि एक तपकिरी साप दिसला, दोन्ही हरणटोळच ना? आणि तो कपाळावर चावतो म्हणतात ते खरं का?

उत्तर: रंगावर जाऊ नका, हरणटोळ तपकिरी पण असतो, डोळा बघा. बाहुली आडवी आणि तोंड लांब टोकदार असेल तर हरणटोळ, बाहुली गोल आणि पाठीवर तांबूस पट्टा असेल तर बहुतेक रुखई, तो बिनविषारी. हरणटोळाचं विष सौम्य, सरडे-बेडकांपुरतं. कपाळाची गोष्ट निव्वळ थाप. आपल्याकडच्या हिरव्या हरणटोळाला 2020 पासून वेगळी जात मानतात, शास्त्रीय नाव अहेतुला बोरियालिस. पण ओळखायला हातात नका घेऊ हां, लांबून फोटो काढा!