दांडीचा ग्लास नेमका कशाला?

गेल्या महिन्यात नाशिकच्या हंगामाबद्दल लिहिलं होतं, जानेवारी ते मार्च वाईनच्या द्राक्षांची तोडणी कशी चालते वगैरे, आणि मला वाटलं आता शेनिन ब्लांक ही व्हाइट बरी की शिराझ ही रेड असले प्रश्न येतील. आले ते निम्म्याहून जास्त ग्लासांचे! म्हणजे लोकांना वाईनपेक्षा ग्लासची भीती जास्त वाटते. ठीक आहे, या वेळी तेच घेऊ.

"ताई, मुलाने नवीन घर घेतलंय, त्याला वाईनचे ग्लास द्यायचेत. दुकानदार म्हणतो रेडचे वेगळे, व्हाइटचे वेगळे, शॅम्पेनचे वेगळे, सहा-सहा धरले तर अठरा ग्लास. एवढे लागतात का हो? आमच्या घरात आत्तापर्यंत कोणी घेत नव्हतं, त्यामुळे काही कळत नाही." — एक काका, सांगली

नाही लागत काका. सहा घ्या, एकाच प्रकारचे, आणि उरलेल्या पैशात त्याला चांगला कुकर द्या.

ग्लास कसा असावा ते सांगते. आपला पाण्याचा तांब्या आठवा, पोट मोठं आणि गळा बारीक. वाईनच्या ग्लासचं तत्त्व तेच, फक्त एवढा ठळक आकार नाही, पोटापेक्षा तोंड जरा आत वळलेलं असलं की झालं. वाईनची निम्मी गंमत वासात असते आणि वास पोटातल्या रिकाम्या जागेत जमतो, तोंड अरुंद असेल तर तिथेच थांबतो आणि तुम्ही नाक घातलं की मिळतो. साडेतीनशे-चारशे मिलीचा, साधा, बिननक्षीचा, पातळ काठाचा. रंगीत काच नको, नाहीतर वाईनचा रंग काय दिसणार.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. एकच वाईन तीन ठिकाणी ओता, कटिंग चहाच्या ग्लासात, स्टीलच्या पेल्यात आणि या तांब्याछाप ग्लासात, प्रत्येकी साधारण पन्नास मिली, आणि डोळे मिटून नुसता वास घ्या. पेल्याचं तोंड रुंद, वास कधीच उडून गेलेला. कटिंगच्या ग्लासात ती अर्ध्याच्या वर येते, वास जमायला जागाच नाही. तिसऱ्यात मात्र पेरू, लिंबाची साल, ओलं गवत असलं काहीतरी नाकाला लागतं, आणि पहिल्यांदा घेणारा माणूससुद्धा "अरे हो की" म्हणतो. मी हे कितीतरी लोकांना करायला लावलंय.

वाईन चाखण्याचा धंदा करणारे लोकही वर्षानुवर्षं एकाच ठरलेल्या ग्लासात सगळ्या वाईन तपासतात, त्याचं आंतरराष्ट्रीय मानक 1977 सालचं आहे, तो ग्लास जेमतेम 215 मिलीचा असतो आणि त्यात फक्त 50 मिली ओततात. मग द्राक्षागणिक ग्लास हे कुठून आलं? ऑस्ट्रियाच्या क्लाउस रीडेल यांनी 1973 मध्ये तसे वेगवेगळ्या आकाराचे ग्लास बाजारात आणले आणि ती कल्पना जगभर गेली. सुंदर असतात ते, नाही म्हणत नाही, मोठ्या पोटाच्या ग्लासात जड रेड खरंच जास्त खुलते. पण दुकानात कोणी सांगायला लागलं की हा ग्लास वाईन जिभेच्या अमुक भागावर पाडतो जिथे गोड कळतं, तर हसून सोडून द्या. शाळेच्या पुस्तकातला तो जिभेचा नकाशा चुकीचा आहे, गोड-आंबट-कडू सगळ्या जिभेला कळतं.

"हॉटेलात ग्लास एवढा मोठा देतात आणि वाईन तळाला! पाचशे रुपये घेऊन ही कंजुषी का?" — पुण्याहून, नाव नको म्हणालेत

कंजुषी नाही हो, वर सांगितली तीच वासाची जागा. शिवाय वास सुटावा म्हणून ग्लास फिरवायचा असतो, भरून दिला तर शर्टावर. साधारण दीडशे मिली देतात, म्हणजे 750 मिलीच्या बाटलीत पाच ग्लास. तुमच्याकडे तीनच झाले तर मात्र कोणीतरी ढिल्या हाताने ओततंय, आणि ही 12-14 टक्के अल्कोहोलची आहे, बिअर नाही.

"दांडी धरायची की पोट? आणि रेड फ्रिजमध्ये ठेवली तर लोक हसतात, रेड रूम टेंपरेचरलाच प्यायची म्हणे." — नाशिक रोड

दांडी. हाताची ऊब लागून गार वाईन लवकर कोमट होते, आणि काचेवर बोटांचे ठसे उमटतात ते वेगळंच. चिवड्याचं तेल लागलेल्या बोटांनी पोट धरलेला ग्लास फोटोत कसा दिसतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आणि रूम टेंपरेचर हा शब्द युरोपातल्या जुन्या थंडगार घरांचा आहे, 16-18 डिग्रीचा. तुमच्या घरात एप्रिलला तेहेतीस असतं. त्या तापमानाला रेड घेतली तर नाकात नुसतं अल्कोहोल जातं, औषधासारखं. म्हणून हसू द्या त्यांना, दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइटचं उलटं, फ्रिज चार डिग्रीचा, तिथून काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर इतकी गार की वास-चव काहीच लागत नाही. रेडही फार गार झाली की तिचा तुरटपणा अंगावर येतो, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते ना, तसं. माझ्या मते ग्लासवर हजार रुपये घालवण्यापेक्षा हे तापमान सांभाळलं तर फरक जास्त पडतो, आणि फुकटात पडतो.

"वेटर थोडीशी ओतून बघत उभा राहतो, तेव्हा नेमकं काय करायचं? मी 'छान' म्हणून मोकळा होतो." — बोरिवली

बहुतेक वेळा तेच बरोबर आहे! आवडली का असं तो विचारत नसतो, बाटली खराब नाही ना एवढंच विचारत असतो. एकदा वास घ्या. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट वास आला तर बूच खराब, बाटली बदलून मागा, लाजू नका. नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, तिथे ही भानगड जवळजवळ नाहीच. फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्त वाईन हा आणखी एक गैरसमज.

"स्पार्कलिंगला तो उंच बारीक ग्लास लागतोच का?" — ठाणे

बुडबुडे छान दिसतात, टिकतात पण जास्त वेळ. पण त्यात नाक जात नाही, वास कळत नाही. काकांचे सहा ग्लास इथेही चालतील.

"ग्लास धुताना दोन फुटले. आणि सासूबाई त्याच ग्लासांत सोलकढी देतात, चालेल का?" — रत्नागिरी

फुटतात ते बहुतेक पुसताना, कारण आपण एका हातात बैठक धरतो आणि दुसऱ्या हाताने पोट पिळल्यासारखं पुसतो, दांडी तिथेच जाते. पोट धरूनच पोट पुसा. साबण अगदी थेंबभर, मग गरम पाणी भरपूर. आणि कपाटात उपडे ठेवू नका, आतली हवा कोंडते. मी एकदा ग्लास ज्या टॉवेलने पुसले तो डांबरगोळ्यांच्या कपाटातला होता, पाहुण्यांनी वाईन तोंडापर्यंत नेली आणि सगळे एकदम थांबले, माझ्या लक्षात यायला तिसरा ग्लास लागला. तोवर मी बाटलीलाच शिव्या घालत होते.

सोलकढी खुशाल द्या, रंग काय सुरेख दिसतो. फक्त सासूबाई लसूण सढळ हाताने घालत असतील तर ते ग्लास कायमचे सोलकढीचेच ठेवा, वाईनला नवीन दोन आणा, तसेही दोन फुटलेच आहेत.