फाउंडेशनचा लोगो आमच्या ग्रुपच्या लोगोत घेतला, आता मेल आलाय: माझा अनुभव

तुमची पोस्ट सकाळी वाचली, ती दिवसभर डोक्यातून गेली नाही. नागपूरच्या कॉलेजातला एका ओपन सोर्स सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या वापरकर्त्यांचा ग्रुप, प्रकल्पाच्या चिन्हाला फेटा बांधून केलेला लोगो, छापून आलेले १५० टी-शर्ट, १२ दिवसांवर कार्यक्रम, आणि प्रकल्प सांभाळणाऱ्या फाउंडेशनचा मेल की आमचं चिन्ह असं वापरू नका. तुम्ही विचारलंय, कोड सगळ्यांना खुला आहे तर लोगो का नाही? आणि उत्तर द्यायचं, की कार्यक्रम होईपर्यंत गप्प बसायचं?

आजच उत्तर द्या. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आधी सांगते, मी वकील नाही. अशा ग्रुपांच्या कामात जे अंगावर आलं त्यातून बोलतेय. प्रत्येक फाउंडेशनचं धोरण वेगळं असतं, तुमच्या फाउंडेशनचं तुम्हाला स्वतःलाच वाचावं लागेल.

कोड आणि लोगोचं थोडक्यात. लायसन्समुळे कोड वापरायची, बदलायची, वाटायची मुभा मिळते. नाव आणि चिन्ह ट्रेडमार्कमध्ये येतात, तो वेगळा कायदा. अपाची लायसन्स २.० या ओपन सोर्स लायसन्सच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की या लायसन्सने ट्रेडमार्क वापरायची परवानगी मिळत नाही. डेबियन या संगणकप्रणालीसारख्या जाणत्या प्रकल्पालाही हे चुकलं नाही. २००६ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने त्यांना कळवलं की फायरफॉक्स हे नाव हवं असेल तर आमचा लोगोही घ्या आणि तुम्ही केलेले बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या. डेबियनला ते मान्य नव्हतं. त्यांनी तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने दिला, आणि २०१६ मध्ये तोडगा निघेपर्यंत तेच नाव राहिलं. त्या दहा वर्षांत कोड कुणीही अडवला नव्हता.

आता माझं सांगते, कारण तुमच्या पोस्टमधल्या एका वाक्याने मी दचकले: ‘पुढच्या महिन्यात संस्था नोंदवणार आहोत.’

आमचा ग्रुप सांगलीचा. २०१३ मध्ये आम्ही संस्था नोंदवली. नाव ठेवलं प्रकल्पाचंच, पुढे फक्त ‘सांगली’ जोडलं. लोगो मी केला. फाउंडेशनच्या चिन्हातला निळा काढून हळदीचा पिवळा भरला आणि खाली कृष्णेच्या घाटाच्या तीन पायऱ्या काढल्या. दोन रात्री त्यावर बसले होते. लोगो सुंदर झाला होता, आजही म्हणते.

परवानगीचा मेल आम्ही आधी पाठवला होता. तो गेला फाउंडेशनच्या सर्वसाधारण पत्त्यावर. तीन आठवडे उत्तर नाही. बैठकीत कुणीतरी म्हणालं, मौनं संमतिलक्षणम्, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ती. आमचा मेल तिथे कुणी उघडलाच नव्हता, एवढाच त्या मौनाचा अर्थ होता. आम्ही मात्र त्याच नावावर सगळं उभं केलं: नोंदणी, पॅन, बँकेचं खातं, रबरी शिक्का, लेटरहेड, डोमेन.

दीड वर्षाने एका शिक्षणसंस्थेशी बोलणं जमलं. पाच शाळांमधल्या संगणक प्रयोगशाळा आम्ही लावून द्यायच्या आणि शिक्षकांना शिकवायचं. त्यांनी फक्त मूळ फाउंडेशनचं एक पत्र मागितलं, की ही मंडळी तुमची आहेत. मी आमच्याच लेटरहेडवर विनंती लिहिली आणि या वेळी ट्रेडमार्कसाठीच्या पत्त्यावर पाठवली. चार दिवसांत उत्तर आलं. सभ्य होतं, कामाचं कौतुकही होतं. पण नाव, चिन्ह आणि डोमेन तिन्ही बदला, आणि आम्ही त्यांचे अधिकृत प्रतिनिधी नाही हे त्या शिक्षणसंस्थेला लेखी कळवा, असं सांगितलं होतं. ते पत्र मीच लिहिलं. काम गेलं.

लोगो एका दुपारी बदलला. कागदावरचं नाव बदलायला चौदा महिने लागले. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. पहिल्या खेपेला सांगितलं, ठरावात नावबदलाचं कारण नीट लिहिलेलं नाही. दुसऱ्या खेपेला, कारण म्हणून जोडलेलं पत्र इंग्रजीत आहे, मराठी भाषांतर नोटरी करून आणा. ते नेलं तर टेबलावरचे साहेब बदललेले, आणि नव्या साहेबांना सातही संस्थापकांच्या सह्या हव्या. त्यातला एक बेंगळुरूला, एक मस्कतला. मस्कतहून कुरिअरने कागद येईपर्यंत ठरावाची तारीख जुनी झाली म्हणून प्रस्ताव परत. सगळ्या त्रुटी एकदाच लिहून द्या, असा अर्ज मी केला, त्याची पोच घेतली. त्या अर्जाला आजतागायत उत्तर नाही. ‘नाव तुमचंच आहे, मग हरकत कोण घेतंय?’ हा प्रश्न मला तिथे तीन वेगवेगळ्या टेबलांवर विचारला गेला आणि एकालाही मी समजावू शकले नाही. मधल्या काळात देणगीचा चेक नव्या नावाने आला, खातं जुन्या नावाचं, बँकेने परत केला. त्या चौदा महिन्यांत आमचे निम्मे लोक पांगले. त्यांना दोष देत नाही. त्यांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं होतं आणि मी त्यांच्याकडून सह्या गोळा करत होते.

म्हणून तुमची नोंदणी आधी थांबवा. ग्रुपला स्वतःचं नाव द्या आणि प्रकल्पाचं नाव खालच्या ओळीत वर्णन म्हणून येऊ द्या: ‘अमुक प्रकल्प वापरणाऱ्यांचा नागपूरचा गट’. काही फाउंडेशन याहून सैल आहेत. मुक्त प्रवेश असलेल्या वापरकर्ता गटांना नावात ‘पायथन’ शब्द घ्यायला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं धोरण मोकळीक देतं. वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचे, म्हणजे वर्डप्रेसवाले डोमेनमध्ये पूर्ण ‘वर्डप्रेस’ शब्द घेऊ देत नाहीत. पण मुभा असली तरी कायमच्या कागदांवर दुसऱ्याचं नाव नको, या मतावर मी ठाम आहे. उद्या धोरण बदललं, फाउंडेशन दुसऱ्या संस्थेत विलीन झालं, तर पॅन कार्ड बदलत तुम्ही फिरणार.

लोगोचंही तेच. तुमचं चिन्ह वेगळं काढा, त्यांचं चिन्ह जसंच्या तसं, थोडं अंतर सोडून शेजारी ठेवा. त्याआधी कुठलं रूप घ्यायचं ते बघा. लिबरऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरच्या लोगोची दोन रूपं आहेत. एकाखाली ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ अशी ओळ असते, ते फाउंडेशनच्या अधिकृत कामासाठी. आपल्यासारख्यांनी ओळ नसलेलं घ्यायचं. डेबियनचेही दोन लोगो: बाटलीतून भोवरा निघतो तो अधिकृत, नुसता लाल भोवरा सगळ्यांसाठी, आणि त्यात बदल करायलाही मुभा आहे. म्हणजे फेटा डेबियनच्या भोवऱ्याला बांधला असता तर कदाचित कुणी बोललंही नसतं.

आणि फेटा बांधायची हौस असेलच, तर शुभंकराला बांधा. लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीचा पेंग्विन टक्स लॅरी युइंगने १९९६ मध्ये काढला. कुणी विचारलं तर माझं आणि गिंपचं (ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो काढला त्याचं) नाव सांगा, एवढ्याच अटीवर त्याने तो वापरायला आणि बदलायला दिला. वर्डप्रेसचा शुभंकर वापू जीपीएल या खुल्या लायसन्सखाली आहे, गावोगावच्या वर्डकॅम्पना (वर्डप्रेसच्या मेळाव्यांना) त्याला स्थानिक वेश चढवतात. तुमच्या प्रकल्पाला असा शुभंकर आहे का, बघा.

फाउंडेशनवर चिडू नका, हेही सांगावंसं वाटतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत एका माणसाने ‘लिनक्स’ हे नाव स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलं आणि वापरणाऱ्यांकडे पैसे मागायला लागला. कज्जा होऊन १९९७ मध्ये ते लिनक्स घडवणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सकडे आलं. असे प्रकार झाल्यावर कुणीही जपूनच राहणार. पण सगळी धोरणं शहाणपणाची असतात असंही नाही. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या फाउंडेशनने २०२३ च्या एप्रिलमध्ये मांडलेला ट्रेडमार्क धोरणाचा मसुदा इतका कडक होता की वापरणारेच खवळले, आणि फाउंडेशनला माफी मागावी लागली. माझं मत विचाराल तर प्रत्येक फाउंडेशनने ‘हे चालेल, हे चालणार नाही’ असं चित्रांसकट एक पान साध्या भाषेत द्यावं. सांगलीतल्या किंवा नागपूरमधल्या पोरांनी वकिली इंग्रजीची बारा पानं वाचावीत ही अपेक्षाच चूक आहे.

उत्तरात काय लिहायचं? मेल मिळाला, बदललेला लोगो आजपासून समाजमाध्यमांवरून काढलाय, नवा अमुक तारखेपर्यंत करतोय. टी-शर्टचं खरं सांगा: १५० छापून झालेत, विकणार नाही, स्वयंसेवकांना एवढ्या एकाच कार्यक्रमात घालू देता का? लोगोचं चित्रही जोडा. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी असं मोकळेपणाने विचारलं की एकदाची सूट मिळाली आहे, पण खात्री देऊ शकत नाही. नाही म्हणाले तर शर्ट उलटा करून पाठीवर तुमचं नाव छापता येतं का, ते छापणाऱ्याला विचारा. ‘अधिकृत’ हा शब्द बॅनरवर कुठेही नको, आणि वर्तुळातला आर स्वतःच्या नव्या नावाला लावू नका. ट्रेडमार्कची नोंदणी झाल्याशिवाय तो लावणं भारतात बेकायदा आहे.

विषय निघालाच आहे तर देवनागरीचंही सांगते, कारण मराठी ग्रुप इथे हमखास चुकतात. लोगोतली रोमन अक्षरं पुसून त्याच वळणाची देवनागरी अक्षरं घडवू नका, तो बदलच धरला जातो. लोगो तसाच ठेवून खाली साध्या युनिकोड फाँटमध्ये नाव लिहा आणि छापण्याआधी मराठी वाचणाऱ्या दोघांना दाखवा. विकिपीडियाच्या लोगोतल्या जुन्या गोलावरच्या देवनागरी ‘वि’मध्ये वेलांटीची गडबड झालेली होती. जगभर रोज दिसणारी ती चूक २०१० च्या नव्या गोलात दुरुस्त झाली. फ्लेक्सवाल्याकडे तर हे रोज घडतं. फाइल त्याच्या कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की ऱ्हस्व वेलांटी उडी मारून पुढच्या अक्षरावर बसते. मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार करूनच द्या. लोगो गुगलवरून उचललेला जेपीजी नको, फाउंडेशनच्या पानावरची एसव्हीजी (मोठी केली तरी न फाटणारी फाइल) घ्या, आणि एक फूटभर नमुना छापून रंग बघितल्याशिवाय दहा फुटांचा बॅनर छापू देऊ नका.

मेलचा मसुदा इथेच टाका. इंग्रजी कच्चं असलं तरी हरकत नाही. मी रात्री दहानंतर बघते, म्हणजे उद्या सकाळी त्यांच्याकडे गेलेला असेल.