हे विषय ठरवतं तरी कोण?

प्रश्न : नेटवर 'अमुक कसं करावं' सांगणाऱ्या साइट्सवर डाग काढण्यापासून टाय बांधण्यापर्यंत हजारो लेख असतात, एवढे विषय सुचतात कोणाला? मलापण शेंगाचटणीवर लिहायचंय. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, निम्मे विषय तर आपणच सुचवतो ओ. गूगलमध्ये नुसतं 'भाकरी' टाइप करून थांबा, खाली आपोआप जे पर्याय येतात ना ते लोकांनी शोधलेलंच असतं, साइटवाले तिथूनच उचलतात. ईहाऊ ही जुनी साइट २००६ मध्ये डिमांड मीडिया या कंपनीने घेतली, त्यांच्याकडे तर विषय सॉफ्टवेअरच काढायचं, म्हणजे लोक काय शोधतायत, त्या शब्दावर जाहिरातीचे किती पैसे सुटतात आणि आधीच किती लेख पडलेत हे बघून, मग माणूस फक्त शीर्षक नीट करणार. पैसा आला पण लेख पातळ झाले (माझं स्पष्ट मत), आणि २०११ ला गूगलने पांडा अपडेट (पातळ लेखांना शोधात खाली ढकलणारा बदल) आणला तेव्हा अशा साइट्सना चांगलाच दणका बसला. २००५ ला सुरू झालेल्या विकीहाऊवर मात्र वाचकच विषय मागतात, आणि लिहूही शकतात.

तुमचं म्हणाल तर 'शेंगाचटणी कशी करावी' नको, ते ढिगाने आहेत. 'मिक्सरमध्ये चटणीचा नुसता भुगा होतो, उखळात कुटल्यासारखं तेल सुटत नाही, काय करू' हे घ्या. आणि हुरड्यावर लिहायचं असेल तर दिवाळीच्या आधीच लिहून ठेवा, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत टाकून कोण वाचणार!