शेवटचा तास हत्यारांचा

खानापूर,
वैशाख अखेर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तू पायरीवर बसून बोलत होतास तेव्हा मी फारसे काही बोललो नाही, कारण मला राग आला होता आणि रागात सांगितलेल्या गोष्टीतला राग तेवढा माणसाच्या लक्षात राहतो. आता दोन दिवस गेले आहेत, म्हणून लिहितो. निपाणीहून आणलेली, झाडे छाटायची तुझी जुनी चेन सॉ ऐन वळिवाच्या तोंडावर जाम झाली, बेळगावच्या टिळकवाडीतली ठरलेली दोन कामे दुसऱ्याकडे गेली, हाताखालच्या पोराने बिनतेलाचे पेट्रोल घातले असे तुझे म्हणणे, आणि आता कर्ज काढून मोठी मशीन घ्यावी की सगळे गुंडाळून गोव्यात नोकरी पाहावी, हा तुझा प्रश्न. त्या तासाभरात कोणत्या कंपनीची मशीन चांगली, असे तू मला तीनदा विचारलेस. संध्याकाळी काम संपल्यावर मी मशीनचे काय करतो, हे मात्र एकदाही विचारले नाहीस.

तू झाडावर कसा चढतोस, गिऱ्हाइकाशी कसा बोलतोस, यावर मी शब्द खर्च करणार नाही. ते तुला येते. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: दिवसाचा शेवटचा तास हत्यारांचा असतो. तो गिऱ्हाइकाचा नाही, तुझा नाही आणि फोनवर वाट पाहणाऱ्या पुढच्या माणसाचाही नाही.

हे मला झाडांनी शिकवले नाही. या धंद्यात येण्यापूर्वी मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर होतो. तिथला फोरमन संध्याकाळी लेथच्या बेडवर बोट फिरवून पाहायचा आणि बोटाला बिडाचा चुरा लागला तर कार्डावर सही करायचा नाही. आम्ही त्याला मागे शिव्या घालत असू. पुढे स्वतःची मशीन घेतली, तेव्हा पहिल्या संध्याकाळी नकळत माझेच बोट बारवरून, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीवरून, फिरले आणि मला तो माणूस आठवला.

त्या तासात काय करायचे, ते तुला ठाऊक आहे असे तू म्हणशील. तरीही ऐक, कारण तुझी मशीन जाम झाली आहे, माझी नाही. आधी चेन हाताने फिरवून पाहायची. बारवरून ती सहज सरकली पाहिजे, पण खाली लोंबता कामा नये. आणि गरम चेन तशीच ताणलेली ठेवून घरी जायचे नाही, कारण ती थंड होऊन आखडली की बारवर आणि क्रॅंकशाफ्टवर नाहक ताण बसतो. बार काढून त्याची खाच भुशापासून मोकळी करायची, तेलाचे बारीक छिद्र तारेने साफ करायचे, कडेला धारदार उठाव आला असेल तर सपाट कानशीने घासून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी बार उलटा बसवायचा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात. सिलिंडरच्या पात्यांमध्ये अडकलेला तेलकट भुसा ब्रशने काढायचा, नाहीतर मशीनला हवा मिळत नाही आणि ती आतून भाजते. एअर फिल्टर आतून बाहेर फुंकायचा, बाहेरून आत नव्हे. चेन ब्रेक लागतो की नाही हे सकाळी मशीन सुरू करताना पाहायचेच, पण संध्याकाळीही पाहायचे, म्हणजे बिघाड असला तर दुरुस्तीला रात्र हाताशी असते.

मग धार. फांदी कापताना लांबट कपच्या उडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली आणि तू मशीन रेटू लागलास. माणूस मशीन रेटू लागला की तोल बारच्या टोकाकडे जातो, आणि टोकाचा वरचा भाग कशाला टेकला तर मशीन उसळून तोंडाकडे येते. मला तर वाटते की या धंद्यातले निम्मे अपघात कानशीच्या आळसातून होतात. गोल कानस चेनच्या मापाचीच हवी, 4 मिमीच्या जागी 4.8 चालवून भागत नाही. प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात द्यायचे, आतून बाहेर, एकाच दिशेने, आणि डावे-उजवे दात सारख्या लांबीचे ठेवायचे. एका बाजूचे दात आखूड झाले की काप वाकडा जातो, आणि तू म्हणतोस की बार वाकला. चार-पाच वेळा धार लावून झाली की दातापुढचा छोटा उंचवटाही मोजायचा. बहुतेक चेनला तो दातापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली असावा लागतो.

पेट्रोलचेही तसेच. बहुतेक नव्या मशीनना पन्नासास एक हे प्रमाण चालते, म्हणजे 1 लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक तेल. जुन्या मशीनला पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहावे. मिश्रण एकानेच करायचे, वेगळ्या रंगाच्या कॅनमध्ये, आणि तो कॅन नुसत्या पेट्रोलच्या कॅनशेजारी कधीही ठेवायचा नाही. तुझे दोन्ही कॅन पांढरे आहेत. मी ते परवा तुझ्या गाडीत पाहिले. मग चूक त्या पोराची कशी? आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढते, म्हणून आषाढात मशीन आठवडाभर पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून ती बंद पडेपर्यंत चालवायची, नाहीतर कार्बोरेटरचा पडदा कडक होतो आणि ऐन वेळी मशीन घसा खाकरत बसते.

हे सगळे करायला तास लागतो. तो तास तुला परवडत नाही, असे तू म्हणालास. तुझा हिशेब इथेच चुकतो. मी आठ तासांच्या कामाचा भाव नऊ तासांचा सांगतो आणि हा नववा तास कोणासाठी आहे हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. काही जण हसतात, काही जण दुसऱ्याकडे जातात, आणि गेलेल्यांतले काही पुढच्या वर्षी परत येतात. तू भाव पाडून काम घेतोस आणि पाडलेल्या भावाची भरपाई या तासातून करतोस. मग मशीन ती भरपाई तुझ्याकडून एकदम वसूल करते.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तुला परवा सांगणार होतो आणि सांगू शकलो नाही. 2019 च्या ऑगस्टमधला पाऊस तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत असशील. जिल्हाभर पाणी झाले होते, बेळगावातल्या सखल भागांत घरांत पाणी शिरले होते, आणि भिजून मऊ झालेली जमीन मुळांना धरून ठेवत नसल्याने गुलमोहर आणि रेन ट्री रोज कुठे ना कुठे आडवे होत होते. फोन थांबत नव्हता. सहा दिवस आम्ही अंधार पडेपर्यंत काम केले आणि सहाही दिवस तो शेवटचा तास मी खाऊन टाकला. लोक अडचणीत आहेत, असे मी स्वतःला सांगत होतो, आणि ते खरेही होते. पण हातात रोज रोख पैसे येत होते, हेही खरे होते. ओले दोर तसेच टेम्पोच्या हौद्यात फेकले जात. त्याच कोपऱ्यात एक जुनी बॅटरी पडली होती, भंगारात द्यायची म्हणून मीच ठेवलेली.

सातव्या दिवशी एका घराच्या कौलांवर झुकलेली फणसाची फांदी दोन दोरांवर खाली सोडत होतो. एक दोर तुटला आणि फांदी दुसऱ्या दोरावर झोका घेत खाली उभ्या असलेल्या माझ्या माणसाच्या खांद्यावर येऊन बसली. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून तो वाचला. नंतर तो दोर मी हातातून सोडत गेलो, तेव्हा वीतभर जागा पिवळट आणि वाळल्या चामड्यासारखी कडक लागली. बॅटरीचे अ‍ॅसिड नायलॉन खाते, हे मला उद्यमबागेपासून माहीत होते. एका संध्याकाळी दोर हातातून सोडत नेला असता तर ती वीत बोटांना सापडली असती. त्याला पाच मिनिटे लागतात. त्या माणसाचा हात आजही कानाच्या वर जात नाही. दवाखान्याचा खर्च मी केला, पुढे दुधाच्या फेरीसाठी त्याला गाडीही घेऊन दिली, आणि तो रस्त्यात भेटला की अजून नमस्कार करतो. तो नमस्कार करतो तेव्हा मला कुठे पाहावे ते कळत नाही.

त्या दिवसापासून माझ्याकडे माणसाचा दोर वेगळ्या रंगाचा आहे आणि फांदीचा वेगळ्या. बाद झालेल्या दोराचे मी हातभर तुकडे करून टाकतो, म्हणजे गरज पडली म्हणून कोणी तो पुन्हा उचलणार नाही. आणि पाऊस असो, अंधार असो, कोणाचे छप्पर फुटलेले असो, शेवटचा तास हत्यारांचा.

माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या एकाकडे आज क्रेन आहे. मी दोन मशीन आणि तीन माणसे यांपुढे गेलो नाही, रस्त्याकडेची झाडे सरसकट तोडायची कंत्राटे घेतली नाहीत, आणि त्यावरून घरात अजून बोलणी खातो. मी धंदा लहान ठेवला कारण तीन माणसांचे दोर मी स्वतः तपासू शकतो, तीसांचे नाही, असे मी सगळ्यांना सांगतो. खरे म्हणजे त्यात तत्त्व किती आणि 2019 नंतरची भीती किती, हे मलाही वेगळे काढता येत नाही. पण लहान राहिल्याने माझे वाईट झालेले नाही, एवढे तुला सांगतो, आणि हे स्वतःचे समर्थन वाटत असेल तर वाटू दे.

कर्जाबद्दल तुला सरळ उत्तर हवे होते. मोठी मशीन घेऊ नकोस. झाडावर नेण्यासाठी 12 किंवा 14 इंची बारची हलकी मशीन पुरते. लांब बार घेऊन चढलेला माणूस फांदीपेक्षा मशीनशीच झगडत बसतो. जाम झालेल्या मशीनचा पिस्टन-सिलिंडर बदलता येतो. पैसे उरले तर तिच्याच जोडीची दुसरी मशीन घे, म्हणजे एकीचे सुटे भाग दुसरीला चालतील. आणि चांगल्या कानशी घे. तुझ्याकडे आहेत त्या गंजलेल्या आहेत.

झाडाचे देणेही याच तासातून फेडायचे असते, हे तू विसरतोस. फांदी आधी खालून थोडी, मग जरा पुढे वरून, आणि शेवटचा काप खोडाजवळच्या फुगवट्याच्या बाहेरून, हे तुला मीच दाखवले. अ‍ॅलेक्स शायगो या अमेरिकी शास्त्रज्ञाने हजारो खोडे उभी चिरून दाखवले की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, ते कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालते. तो फुगवटा कापला की त्या भिंतींची जागाच जाते. पण बोथट चेनने काप कितीही योग्य जागी घेतलास तरी धागे फाटतात, साल निघते, आणि मग तू वरून डांबर फासतोस. डांबर फासणे बंद कर. रोगट झाडावरून चांगल्या झाडावर जाताना बार आणि करवत स्पिरिटने पूस. तेही याच तासाचे काम.

परवान्याचे मी लांबवत नाही. कर्नाटकाचा 1976 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे; नारळ, निलगिरी, सिल्व्हर ओक अशी काही झाडे सोडली तर तोडण्याआधी वन खात्याची परवानगी लागते. आदेश कन्नडमध्ये येतो. सीमाप्रश्नावर तुझे-माझे मत एकच आहे, पण आदेशातली अट वाचता आली नाही तर भुर्दंड आपल्यालाच पडतो, म्हणून मी चाळिशीत कन्नड वाचायला शिकलो. तुला तर शाळेत होते. तारेजवळची फांदी असेल तर हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, माणसाने लाइन बंद केल्याशिवाय शिडी लावायची नाही.

गुरुवारी संध्याकाळी ये, पण कर्जाचे कागद घेऊन येऊ नकोस. जाम झालेला पिस्टन कागदात गुंडाळून आण, आणि एअर फिल्टर जसा आहे तसा आण, धुऊ नकोस. पिस्टनवरच्या रेघा सायलेन्सरच्या बाजूला असतील किंवा सगळीकडून असतील, तर मिश्रणाचा दोष समजू आणि त्या पोराला तू दिलेल्या शिव्या निम्म्या तरी खऱ्या धरू. पण त्या कार्बोरेटरच्या बाजूला असतील, तर आपल्या जांभ्याची तांबडी धूळ फिल्टरमधून आत गेली आहे, आणि मग त्या पोराला पुन्हा कामावर बोलवायला तू जायचे आहेस, मी नाही.

तुझा,
मामा